काकीजींचं ‘कशाबद्दल?’

पर्युषण संपलं, संवत्सरी झाली, की दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्नरच्या बाजारातली सगळी जैन घरं माणसांनी भरून जायची. वर्षभरात कळत-नकळत कुणाचं मन दुखावलं असेल म्हणून हात जोडायचे, ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणायचं, समोरचाही तेच म्हणणार, मग पुढचं घर. लहानथोर सगळे फिरायचे. मला ही रीत पहिल्यापासून आवडली. पण त्या सगळ्या गर्दीत एक जिना रिकामा असायचा, आमच्या काकीजींचा.

कारण काकीजी विचारायच्या, ‘कशाबद्दल?’

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एक किराणावाले शेठ आले होते. पांढरी टोपी, नवा सदरा. हात जोडून म्हणाले, ‘काकीजी, मिच्छामि दुक्कडं.’

‘कशाबद्दल?’

‘म्हणजे आता, वर्षभरात काही चुकलंमाकलं असेल तर...’

‘असेल तर? तुम्हालाच ठाऊक नाही तर मी माफ काय करू? बसा. आठवा.’ आणि खरंच पाट दिला हो बसायला. मला म्हणाल्या, ‘शेठना पाणी दे गं, त्यांना वेळ लागेल.’

शेठ बिचारे पंख्याकडं बघत बसले. घाम पुसला. शेवटी म्हणाले, ‘तुमच्या जावयाचा धंदा बसलाय असं मी एकदोघांना बोललो होतो. उगाच.’

‘हां,’ काकीजी म्हणाल्या, ‘हे मला माहीतच नव्हतं. आता माफ.’ मग त्यांना मुगाचा शिरा खाऊ घातला, अगदी आग्रहानं. पण शेठ पुढच्या वर्षी आले नाहीत. त्यांचं बघून बाकीचेही मागच्या बोळातून जायला लागले.

काकीजी आमच्या घरमालकीण. खाली त्यांचं दुकान, बटणं, रिळं, अस्तर, हुक, लेस असलं शिवणाचं सामान. मागं दोन खोल्या, त्यात आम्ही. वर त्या एकट्या. मी आंबेगावच्या डोंगराकडची, भात-नाचणीच्या मुलखातली. नव्वद सालानंतर केव्हातरी आम्ही नवराबायको जुन्नरला आलो ते पोटासाठी. मी फॉल-पिको करायची, ब्लाउज शिवायची. गिऱ्हाईक खाली अस्तर घ्यायचं आणि मागं शिवायला टाकायचं, असं आमचं दोघींचं जमून गेलं.

दिसायला त्या अगदी किरकोळ. पांढरं लुगडं नाही, फिकट साडी नेसायच्या, चष्मा दोरीनं गळ्यात. दिवस मावळायच्या आत जेवण, आणि दिवस मावळायच्या आतच सगळे व्यवहार. संध्याकाळी कुणी भाडं द्यायला आलं तरी घ्यायच्या नाहीत. ‘अंधारात काय खातो ते दिसत नाही, आणि काय घेतो तेही,’ म्हणायच्या. दिवा होता की डोक्यावर, पण त्यांच्या लेखी दिवा म्हणजे उजेड नव्हे.

आणि तक्रारी. माझ्या उभ्या आयुष्यात इतक्या तक्रारी करणारं माणूस मी पाहिलं नाही. लेण्याद्रीची गाडी चौकात थांबत नाही, लिही एसटीला. रिळाचा लाल रंग पहिल्या धुण्यात गेला, लिही कारखान्याला. सगळं पोस्टकार्डावर. मी म्हटलं, पाकिटात घाला, पोस्टातली माणसं वाचतात. तर म्हणाल्या, ‘वाचू दे. झाकून लिहिलं की माणूस जास्तीचं लिहितं.’ कधी चिडून लिहायच्या नाहीत. राग आला असला तर कार्ड तसंच ठेवायच्या, राग गेला की लिहायच्या. ‘रागात लिहिलं तर ते लोक रागाला उत्तर देतात. माझा प्रश्न तसाच राहतो.’

मी चौथी शिकलेली. लिहायचा हात मला सापडला तो ह्या कार्डांमुळं. त्यांचे डोळे अधू झाले तेव्हा त्या सांगायच्या आणि मी लिहायची.

संवत्सरीनंतर त्या स्वतः लोकांकडं जायच्या, आणि नाव घेऊन चूक सांगायच्या. ते लोकांना आणखी जड जायचं. मला एकदा म्हणाल्या, ‘तुझी काखेतली शिलाई कच्ची असते असं मी मास्तरीणबाईंना सांगितलं. शिलाई कच्चीच असते. पण तुला न सांगता त्यांना सांगितलं. मिच्छामि दुक्कडं.’ आता ह्यावर माणसानं रडावं की हसावं. पण तेव्हापासून काखेत मी दुहेरी टीप मारते.

आमच्याकडं डोंगरात हे असलं काही नसतं. आमच्यात चूक झाली तर माणूस तोंडानं काही बोलत नाही. आवणीच्या दिवसांत, न बोलावता, त्या माणसाच्या खाचरात जाऊन उभा राहतो आणि रोपं लावायला लागतो. तोही विचारत नाही, का आलास. दुपारी भाकरी एकत्र खाल्ली की संपलं. आमचे हे तर तसल्यातले पक्के. लग्नाला इतकी वर्षं झाली, चुकलं असं कधी म्हणाले नाहीत, पण रुसवा झाला की दुसऱ्या दिवशी घरात रानभाजी यायची.

ह्यांनी जीप घेतली ती दोन हजार सालानंतर. आधी दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते, मग वाटलं आपलीच असावी. जुन्नर ते आपटाळे सीटं भरायची, चतुर्थीला लेण्याद्री. कर्ज दिलं एका फायनान्स कंपनीनं, तिचं ऑफिस नारायणगावला. कागद घेऊन एक पोरगेला एजंट घरी आला. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या पेठ गावचा, गळ्यात टाय, बोलायला लोण्यासारखा. म्हणाला, ‘दादा, ह्याच्यासोबत विमा येतो. तो घ्यावाच लागतो, त्याशिवाय कर्ज मंजूर होत नाही. पण फायद्याचा आहे. उद्या हात मोडला, पाय मोडला, काम बंद पडलं, तर तुमचे हप्ते विमा भरणार. तुम्ही निवांत झोपायचं.’

‘झोपायचं व्हय?’ हे हसले. ‘मग लई बरंय की.’

विम्याची रक्कम कर्जातच घातली, त्यावरही व्याज. सह्या झाल्या. चहा झाला. पोरगा जाताना माझ्या पाया पडला, ते माझ्या लक्षात राहिलं.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात हे गाडीच्या कॅरियरवर पोती बांधत होते. दोर सुटला, हे वरून खाली. मांडीचं हाड मोडलं. पुण्याला नेलं, सळई घातली. डॉक्टर म्हणाले, पावसाळाभर गाडीचं नाव काढू नका. आम्ही म्हटलं, विमा आहे.

दिरासोबत मी नारायणगावला गेले. काउंटरवरच्या बाईंनी कागद बघितला, म्हणाल्या, ‘पगाराची पावती आणा. आणि मालकाचं पत्र, की हे कामावर येऊ शकत नाहीत.’

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे पलंगावर पाय वर बांधून पडलेले. म्हणाले, ‘मीच मालक, मीच गडी. कुणाचं पत्र आणू? मीच मला लिहून देऊ का, का आजपासून ह्या गड्याला सुट्टी हाय म्हणून?’

तेव्हा कुठं उलगडलं. तो विमा पगारदार माणसाचा होता. नोकरी करणाऱ्याला काम थांबलं तर उपयोगाचा. स्वतःच्या गाडीवर पोट भरणाऱ्याला त्यातून कधीच काही मिळणार नव्हतं. पाय मोडो, मान मोडो.

काकीजींनी सगळं ऐकून घेतलं. एकच विचारलं, ‘त्या पोरानं पगार आहे का, असं विचारलं होतं का?’

‘न्हाई,’ हे म्हणाले. ‘चहात साखर किती ते इचारलं व्हतं.’

‘म्हणजे आंधळ्याला आरसा विकला, आणि वर आरशाचं व्याज लावलं.’ मग मला म्हणाल्या, ‘कार्ड काढ.’

त्या कार्डात एवढंच होतं, की ह्या माणसाला पगार नाही हे विकताना दिसत होतं, दारात जीप उभी करण्यासाठीच कर्ज होतं, मग त्याला पगारदाराचा विमा का विकला. विमा रद्द करावा, त्याचे घेतलेले पैसे व्याजासकट कर्जातून वजा करावेत, आणि पाय बरा होईपर्यंत हप्ते थांबवावेत.

उत्तर आलं छापील. ‘आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. तथापि नियमानुसार...’ पुढं नियम.

मी वाचून दाखवलं. काकीजींनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. ‘पुन्हा वाच. दिलगीर आहोत पर्यंतच.’

वाचलं.

‘कशाबद्दल?’

‘गैरसोयीबद्दल म्हणतायत.’

‘गैरसोय तर आपली झाली. त्यांनी केलं काय, ते कुठं आहे? लिही. आपण दिलगीर आहात हे वाचून बरं वाटलं. कशाबद्दल दिलगीर आहात ते कळवावे.’

असं चालू झालं. ते दिलगीर व्हायचे, ह्या विचारायच्या कशाबद्दल. शेवटच्या कार्डात त्यांनी लिहायला लावलं, की ह्यापुढचं कार्ड पुण्याला ग्राहक मंचाकडं जाईल. पोस्टमन दारात आला की लांबूनच ओरडायचा, ‘काकीजी, आज परत दिलगीर आहेत.’ सगळा बाजार हसायचा. काकीजी मात्र दुकानात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या टायवाल्या पोराची गोष्ट सांगायच्या आणि त्याला सरळ चोर म्हणायच्या. पेठ गावची एक बाई लग्नाच्या लेस घ्यायला आली होती, तिलाही सांगितलं. ‘तुमच्या गावचा आहे तो चोर.’

मला हसू येत नव्हतं. हप्ते थकले होते. शिवणावर घर चालायचं, औषध चालायचं, जीपचं चालत नव्हतं. जीप गेली असती तर ह्यांना परत दुसऱ्याच्या गाडीवर जावं लागलं असतं, आणि सळई घातलेल्या मांडीच्या ड्रायव्हरला कोण ठेवतंय. ते रात्रंदिवस खिडकीतून तिच्याकडंच बघायचे. ती दुकानासमोर उभी, चाकाखाली दगड लावून.

एक दिवस वसुलीवाले आलेच. चौघं होते, दांडगे, एकाकडं जीपची दुसरी चावी. मी मशीन सोडून धावले. बघते तर काकीजी जीपमध्ये.

मागच्या सीटवर पांढरं आसन अंथरलेलं, तोंडावर मुहपत्ती बांधलेली, मांडी घालून बसलेल्या. समोर वाळूचं घड्याळ. सामायिक करत होत्या, म्हणजे ठरावीक वेळ एका जागी बसून ध्यान. सामायिकात जैन माणूस कुणाशी बोलत नाही, जागचं उठत नाही, परपुरुषानं बाईला शिवायचं तर नावच नाही. ही सगळी माहिती बाजारातली माणसंच त्या चौघांना द्यायला लागली, फार आपुलकीनं.

‘आजी, उतरा खाली,’ एकजण म्हणाला.

आजींचे डोळे मिटलेले.

‘किती वेळ चालतं हे?’

‘वाळू खाली येस्तोवर,’ पानवाला म्हणाला. ‘या, बसा की. पावणं, चहा घेणार?’

वाळू खाली आली. काकीजींनी डोळे उघडले, काहीतरी पुटपुटल्या, घड्याळ उलटं केलं आणि परत डोळे मिटले. दुसरं सामायिक. तोपर्यंत अर्धा बाजार गोळा झालेला. एक वसुलीवाला रागानं म्हणाला, हे नाटक आहे. तर त्यांच्यातलाच दुसरा म्हणाला, ‘अरे गप, धर्माचं आहे, कशाला पाप घेतो.’ तिसऱ्यांदा घड्याळ उलटलं तेव्हा चौघं निघून गेले. आमचे हे खिडकीत हसून हसून मांडी धरून कळवळले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नारायणगावहून निरोप आला, या, बसून मिटवू. दिरानं ह्यांना कुबड्यांवर उभं केलं, काकीजी आणि मी सोबत. मॅनेजर चांगला माणूस होता, निदान बोलायला. म्हणाला, विमा रद्द करतो, पैसे कर्जातून वजा करतो, दंड माफ, हप्ते दिवाळीनंतर. आम्ही जे मागितलं तेच सगळं. फक्त इथं सही करा. कागद मराठीत होता, मी वाचला. शेवटची ओळ होती, कंपनीची कोणतीही चूक नसून माझी कोणतीही तक्रार नाही.

ह्यांनी पेन उचललं. काकीजींनी कागदावर हात ठेवला. ‘चूक नाही तर पैसे कशाबद्दल परत?’

‘सद्भावना म्हणून, आजी.’

‘सद्भावना मी आमच्या जैन स्थानकात घेते. इथं मी चूक घ्यायला आले आहे.’

मॅनेजर म्हणाला, ‘मग मला वर विचारावं लागेल. तोवर गाडीचं मी काही सांगू शकत नाही.’

काकीजी उठल्या. आमचे हे मोठ्या माणसापुढं बोलणाऱ्यातले नाहीत. पेन खाली ठेवलं. आम्ही परत आलो, सही न करता.

घरी आल्यावर मी बोलले. ‘काकीजी, गाडी आमची आहे. मांडी ह्यांची मोडली आहे. तुमचं एक कशाबद्दल राहिलं तर तुमचं काय जाणार आहे?’

त्या जिना चढून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून पर्युषण लागलं. त्या आठ दिवसांत त्यांचं मौन असायचं, कार्ड नाही, तक्रार नाही, कुणाला वाकडा शब्द नाही. दुकान बंद. मी खाली शिवत बसायची आणि बाहेर कुठलीही गाडी थांबली की माझा पाय मशीनवरून सुटायचा. वर काकीजी चालतात ते ऐकू यायचं. मला त्यांचा राग आला होता, आणि राग आलेल्या माणसाच्या डोक्यावर कुणी उपास करत असलं की तो राग धड करताही येत नाही.

संवत्सरी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार माणसांनी भरला आणि काकीजींचा जिना नेहमीसारखा रिकामा. मग तोच जिना वाजला. त्या उतरून आमच्या दारात आल्या. उपासानं चेहरा उतरलेला. मला नाही, ह्यांना हात जोडले.

‘तुमची गाडी आणि माझी हौस, मी एका तागडीत घातली. सही करायला तुम्ही पेन उचललं होतं, मी हात आडवा घातला. तो माझा कागद नव्हता. मिच्छामि दुक्कडं.’ पुढं म्हणाल्या, ‘आणि गाडीत बसून सामायिक केलं, तेव्हा मन नवकार मंत्रात नव्हतं. त्या माणसाच्या हातातल्या चावीत होतं. ते मी स्थानकात साध्वींना, महासतीजींना सांगितलं आहे.’

हे गडबडून गेले. ‘अवो काकीजी, बसा तर.’

‘बसायचं नाही. चला नारायणगावला. सही करा.’

तसंच गेलो. मॅनेजरनं तोच कागद काढला. त्या दिवशी टेबलाशी तो पेठचा पोरगाही होता, फाइल घेऊन. आम्हाला बघून बाहेर जायला लागला. काकीजी म्हणाल्या, ‘थांब रे.’ मला वाटलं, झालं, आता परत.

त्यांनी त्याला हात जोडले. म्हातारी बाई, तो विशीतला, सगळं ऑफिस बघतंय. ‘मी तुला बाजारात चोर म्हटलं. तुझ्या गावच्या बाईसमोर म्हटलं. तू चोर आहेस की नाही ते मला ठाऊक नव्हतं, तरी म्हटलं. मिच्छामि दुक्कडं.’

पोरानं फाइल टेबलावर ठेवली. त्याला ह्या शब्दाला काय उत्तर द्यायचं असतं तेही माहीत नव्हतं. काकीजींनी त्याला कशाबद्दल असं विचारलं नाही. त्या मान खाली घालून नुसत्या उभ्या होत्या.

‘ते आईपर्यंत गेलं, आजी,’ तो म्हणाला. मग ह्यांच्याकडं बघून म्हणाला, ‘दादा, मी पगाराचं विचारलंच नव्हतं. मुद्दाम नाही विचारलं. विचारलं असतं तर विमा बसला नसता. आणि घ्यावाच लागतो म्हटलं, तसंही काही नव्हतं. घेतला नसता तरी कर्ज मिळालं असतं.’

‘तू बाहेर जा,’ मॅनेजर म्हणाला.

‘जातो सर.’

तो गेला. मॅनेजरनं कागद स्वतःकडं ओढला. मग त्यानं स्वतःचं पेन काढलं, शेवटची ओळ खोडली, शेजारी बारीक सही केली आणि कागद आमच्याकडं सरकवला. घाबरून केलं की लाजून, ते मला आजही सांगता येणार नाही. काकीजी म्हणाल्या, ‘झालं. करा सही.’

दिवाळीनंतर हे गाडीवर बसले. काकीजींनी हात आडवा घातला त्याबद्दल हे त्यांना कधी काही बोलले नाहीत, आणि सगळं मिटवून दिलं त्याबद्दलही नाही. पुढच्या आवणीला काकीजींकडं खाचर नव्हतं, तेव्हा जाऊन कुठं उभे राहणार.

पण पुढच्या संवत्सरीनंतर, सकाळी, गणपतीचे दिवस, लेण्याद्रीची सीटं मिळायचे, ह्यांनी गाडी धुतली आणि दुकानासमोर रिकामी उभी केली. सीटं बोलवत होती, ह्यांनी घेतली नाहीत. काकीजी बाहेर आल्या. मंचरच्या स्थानकात महासतीजी होत्या, त्यांच्या दर्शनाला जायचं त्या किती दिवस म्हणत होत्या. त्यांनी गाडीकडं पाहिलं, ह्यांच्याकडं पाहिलं. मी दारात उभी. मला वाटलं, आता विचारणार कशाबद्दल.

विचारलं नाही. मागचं दार उघडून त्या आत बसल्या, त्याच जागेवर.

‘काकीजी,’ हे आरशातून म्हणाले, ‘वाळूचं घड्याळ आणलंय का?’

‘नाही रे,’ त्या म्हणाल्या. ‘आज नुसती बसले आहे. चल.’